आकाशातून पडलेल्या अणुभट्टीचे बिल

२३ जानेवारी १९७९ रोजी कॅनडाच्या परराष्ट्र खात्याने सोव्हिएत युनियनकडे एक दावा सादर केला. मागितलेली रक्कम होती ६०,४१,१७४ कॅनेडियन डॉलर आणि ७० सेंट. शीतयुद्धाच्या काळात दोन्ही गटांच्या खलित्यांत निषेध, खेद, तीव्र चिंता यांची रेलचेल असे. पण शेवटच्या सेंटपर्यंत हिशोब मांडलेला कागद विरळाच. हा हिशोब एका अणुभट्टीचा होता. वर्षभरापूर्वी ती आकाशातून कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात पडली होती आणि तिचे तुकडे वेचता वेचता कॅनडाला जो खर्च आला, त्याचे हे बिल.

अवकाशाच्या कायद्याविषयी बोलताना अखिल मानवजातीचे हित, शांततामय वापर अशा भारदस्त शब्दांत आपण लगेच अडकतो. तो कायदा प्रत्यक्षात कसा चालतो आणि कुठे अडतो हे पाहायचे असेल, तर कॉसमॉस-९५४ या सोव्हिएत उपग्रहाची हकीकत पाहावी. दायित्व कराराचा आधार घेऊन एका देशाने दुसऱ्या देशाकडे रीतसर भरपाई मागितल्याचे आजवरचे ठळक उदाहरण हे एवढेच आहे.

मुळात उपग्रहात अणुभट्टी ठेवायचे कारणच काय? कारण समुद्रावर होते. अमेरिकेच्या विमानवाहू नौकांचे ताफे ही सोव्हिएत आरमाराची मोठी डोकेदुखी होती. अमेरिकेला जगभर तळ होते, मित्रदेशांची बंदरे होती. सोव्हिएत युनियनला तितकी सोय नव्हती. अथांग समुद्रात शत्रूचा ताफा नेमका कुठे आहे हे कळल्याशिवाय लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे निरुपयोगी. त्यामुळे वरून टेहळणी करायची, आणि तीही ढग असोत, रात्र असो, कशाचीच अडचण येणार नाही अशी, म्हणजे रडारने. रडारचा एक जाच असतो. अंतर दुप्पट झाले की परत येणारा प्रतिध्वनी सोळापट क्षीण होतो. म्हणून उपग्रह शक्य तितका खाली, अडीचशे किलोमीटरच्या आसपास फिरवायचा. पण एवढ्या खाली विरळ का होईना, हवा असते. सौरऊर्जेची मोठी पाती लावली तर तीच हवेला अडतात आणि उपग्रह लवकर खाली येतो. रडारला वीज तर भरपूर हवी. या पेचातून सोव्हिएत अभियंत्यांनी काढलेला मार्ग म्हणजे सुमारे तीन किलोवॉट वीज देणारी आटोपशीर अणुभट्टी. १९७० पासून असे उपग्रह वर जाऊ लागले आणि १९८८ पर्यंत त्यांची संख्या तीसच्या वर गेली.

धोका त्यांनाही ठाऊक होता. त्यासाठी एक योजना होती. उपग्रहाचे काम संपले की अणुभट्टीचा भाग सुटा करायचा आणि छोट्या रॉकेटने नऊशे-साडेनऊशे किलोमीटर उंचीवर ढकलून द्यायचा. तिथून तो काही शतके खाली येत नाही, तोवर किरणोत्सर्ग बराच ओसरतो. योजना चांगली होती. फक्त ती ऐनवेळी चालायला हवी होती.

आता कायद्याची बाजू. १९५७ मध्ये स्पुटनिक वर गेला आणि दोन वर्षांत संयुक्त राष्ट्रांत अवकाशाच्या शांततामय वापरासाठी कायमस्वरूपी समिती उभी राहिली. भारत त्या समितीत सुरुवातीपासून आहे. वर गेलेले खाली येणार हे सगळ्यांना दिसत होते. ५ सप्टेंबर १९६२ रोजी अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅनिटोवॉक गावात भर रस्त्यात नऊ-एक किलोचा धातूचा तुकडा पडलेला सापडला. तो स्पुटनिक-४ चा निघाला. हा तुकडा कोणाचा, तो कोणी उचलायचा आणि कोणाच्या डोक्यात पडला असता तर जबाबदारी कोणाची, या प्रश्नांना तेव्हा लेखी उत्तर नव्हते.

ते उत्तर पुढच्या दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने लिहिले गेले. २७ जानेवारी १९६७ रोजी वॉशिंग्टन, लंडन आणि मॉस्को अशा तीन राजधान्यांत बाह्य अवकाश करार सह्यांसाठी खुला झाला. त्याच्या चौथ्या कलमाने अण्वस्त्रे आणि इतर महासंहारक अस्त्रे कक्षेत ठेवायला बंदी घातली. वाचकांनी इथे थोडे थांबावे. बंदी अण्वस्त्रांना होती, अणुभट्टीला नव्हती. लष्करी टेहळणीलाही नव्हती. म्हणजे विमानवाहू नौकांवर नजर ठेवणारा, अणुभट्टीवर चालणारा उपग्रह या कराराच्या चौकटीत अगदी आरामात बसत होता. याच कराराच्या सातव्या कलमात, तुमच्या वस्तूने दुसऱ्याचे नुकसान केले तर भरपाई तुमच्याकडे, हे तत्त्व आले. १९६८ च्या करारात पडलेली वस्तू कळवायची, परत द्यायची आणि ती घातक असेल तर मालकाने ती निवारायची हे ठरले. मग १९७२ चा दायित्व करार. त्यातली विभागणी साधी पण महत्त्वाची आहे. अवकाशात दोन वस्तू आदळल्या तर चूक कोणाची हे सिद्ध करावे लागते. जमिनीवर किंवा उडत्या विमानावर काही पडले तर चुकीचा प्रश्नच नाही. ज्याने सोडले त्याने भरायचे. सोव्हिएत युनियन आणि कॅनडा दोघेही या करारात सामील होते.

कॉसमॉस-९५४ १८ सप्टेंबर १९७७ रोजी निघाला. दोन-तीन महिन्यांतच त्याचे लक्षण बिघडले. उत्तर अमेरिकेच्या हवाई संरक्षणाचे केंद्र असलेल्या नोराडच्या रडारांना त्याची कक्षा नेहमीसारखी दिसेना. ६ जानेवारी १९७८ च्या सुमारास त्याच्यावरचे नियंत्रण पूर्ण सुटले. अणुभट्टी वर ढकलायची ती योजना चाललीच नाही. आता तो कधी आणि कुठे उतरेल हे कोणालाच सांगता येईना. कक्षेचा कल ६५ अंशांचा, म्हणजे विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना ६५ अक्षांशांपर्यंतची सगळी भूमी त्याच्या वाटेखाली. त्यात न्यूयॉर्क होते, मॉस्को होते, मुंबईही होती.

१२ जानेवारीला अमेरिकी अध्यक्ष जिमी कार्टर यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झ्बिगन्येव ब्रेझिन्स्की यांनी सोव्हिएत राजदूत अनातोली दोब्रिनिन यांना बोलावून घेतले. आत अणुभट्टी आहे ना, किती इंधन आहे, ती पडताना स्फोट होईल का, अशी विचारणा झाली. उत्तर आले ते धीर देणारे होते: स्फोटाची शक्यता नाही, वातावरणात शिरताना ती जळून जाईल अशीच रचना आहे. दोन महासत्तांमध्ये लष्करी उपग्रहाबद्दल इतके मोकळे बोलणे होणे हीच त्या काळात नवलाची गोष्ट. अमेरिकेने मित्रदेशांना गुपचूप कळवले. लोकांना मात्र काही सांगितले नाही. घबराट होईल हे कारण. घबराट झाली असती हे खरे. पण किरणोत्सारी धातू डोक्यावर पडण्याची शक्यता असताना ते ज्यांच्या डोक्यावर पडायचे त्यांनाच न सांगणे हा निर्णय मला तरी पटत नाही. अशा वेळी सरकारांना गुप्ततेची जी सवय लागलेली असते, तिला लोकहिताचे नाव पटकन देता येते, एवढेच यातून दिसते.

२४ जानेवारी १९७८. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरून उपग्रह वातावरणात शिरला आणि ईशान्येकडे निघाला. येलोनाइफ शहरात पहाटेचे पाच वाजत होते. साफसफाईच्या कामावर असलेल्या एका बाईने आकाशातून जळत जाणारा गोळा आणि त्याच्या मागे शेपट्यांसारखे लहान लहान पेटते तुकडे पाहिले. आवाज काहीच नाही. काही मिनिटांत कार्टर यांनी पंतप्रधान पिएर त्रुदो यांना फोन केला आणि मदत देऊ केली. सोव्हिएत युनियनने पडण्याआधी कॅनडाला काही कळवले नव्हते. पडल्यावर त्यांच्याकडून तज्ज्ञ पाठवण्याची तयारी आली. कॅनडाने अमेरिकेची मदत घेतली, सोव्हिएत तज्ज्ञांना नको म्हटले आणि त्यांच्याकडे अणुभट्टीची माहिती मागितली. माहिती आली ती उशिरा आणि त्रोटक. आपल्या लष्करी उपग्रहाचे पोट उघडून दाखवायला कोणते आरमार तयार होईल? त्यातच फेब्रुवारीत कॅनडाने हेरगिरीच्या आरोपावरून डझनभर सोव्हिएत अधिकाऱ्यांना देशाबाहेर काढले. पुढच्या पत्रव्यवहाराला ही थंडीही होती.

शोधमोहिमेला नाव मिळाले ‘मॉर्निंग लाइट’. ग्रेट स्लेव्ह लेकपासून बेकर लेकपर्यंत सुमारे ६०० किलोमीटरचा पट्टा. पुढे तपासलेले क्षेत्र १,२४,००० चौरस किलोमीटरपर्यंत गेले. महाराष्ट्राच्या साधारण चाळीस टक्के म्हणा. त्यात रस्ते नाहीत, झाडे तुरळक, दिवस जेमतेम काही तासांचा आणि पारा उणे चाळीसच्या आसपास. हर्क्युलिस विमानांत गॅमा किरण टिपणारी यंत्रे बसवली आणि ती विमाने जमिनीपासून थोड्याच उंचीवर, शेतात नांगराचे तास पाडावेत तशी एकामागून एक समांतर रेघांनी फिरू लागली. अडचण अशी की तो भूभाग अतिप्राचीन ग्रॅनाइटचा. त्या खडकात मुळातच युरेनियम आणि थोरियम असते, त्यामुळे यंत्र अधूनमधून उगाच बोलायचे. नैसर्गिक किरण कुठले आणि अणुभट्टीत तयार झालेल्या द्रव्यांचे कुठले, हे प्रत्येक नोंदीचा वर्णपट पाहून वेगळे करावे लागे. या कामी कॅनडाच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची, खनिज शोधण्यासाठी बनवलेली यंत्रे फार उपयोगी पडली. दोन दिवसांत ग्रेट स्लेव्ह लेकच्या पूर्व टोकाजवळ पहिली खात्रीची नोंद मिळाली.

पण सगळ्यात मोठा आणि सगळ्यांच्या लक्षात राहिलेला तुकडा यंत्राला सापडला नाही. थेलॉन नदीच्या काठी वॉर्डन्स ग्रोव्ह नावाच्या जागी सहा तरुण हिवाळा काढत होते. जॉन हॉर्नबी नावाचा एक इंग्रज भटक्या १९२७ मध्ये दोन साथीदारांसह याच नदीकाठी उपासमारीने मेला होता. त्याच्या वाटेने जाऊन पाहायचे म्हणून ही मंडळी आली होती. जगापासून इतके दूर की शीतयुद्ध इथे पोहोचेल असे कोणाच्या मनातही येऊ नये. २८ जानेवारीला त्यांच्यातले दोघे कुत्र्यांच्या स्लेजवरून जात असताना गोठलेल्या नदीवर त्यांना एक खड्डा दिसला. काहीतरी तापलेले आदळून बर्फ वितळले होते आणि पुन्हा गोठले होते. त्यातून वाकडेतिकडे धातूचे दांडे वर आले होते, हरणाच्या शिंगांसारखे. एकाने हातमोजा घातलेल्या हाताने ते चाचपूनही पाहिले. मुक्कामावर परत आल्यावर साथीदारांनी रेडिओवर ऐकलेली उपग्रहाची बातमी सांगितली, तेव्हा आपण कशाला हात लावून आलो ते त्यांना कळले. मग काय, विमान आले, सहाही जणांची तपासणी झाली. त्या विशिष्ट तुकड्यातला किरणोत्सर्ग सुदैवाने कमी होता आणि कोणाला इजा झाली नाही.

इतर तुकड्यांबाबत ते सुदैव गृहीत धरता येत नव्हते. सापडलेल्या तुकड्यांपैकी दोन सोडून सगळे किरणोत्सारी होते. काहींची तीव्रता तासाला २०० राँटजेनपर्यंत होती; असा तुकडा काही तास जवळ बाळगला तर माणूस दगावू शकतो. ते लांब चिमट्यांनी उचलून शिशाच्या डब्यांत भरले जात. काही बेरिलियमचे दंडगोल आणि दांडे मिळाले, पोलादाचे पत्रे मिळाले. सगळे मिळून वजन साधारण ६५ किलो भरले. अणुभट्टीचा गाभा मात्र तुकड्यांच्या रूपात नव्हताच. तो वातावरणात भुगा होऊन मिरपुडीएवढ्या कणांच्या रूपात ग्रेट स्लेव्ह लेकच्या दक्षिणेला दूरवर सांडला होता. ‘जळून जाईल’ या आश्वासनाचा अर्थ असा होता. जळून नाहीसे काही होत नाही. बारीक होते आणि पसरते.

हा मुलूख नकाशावर निर्मनुष्य दिसतो, पण तो डेने आणि इन्युइट लोकांचा आहे. कॅरिबूच्या कळपांवर, तलावांतल्या माशांवर आणि बर्फ वितळवून केलेल्या पाण्यावर त्यांचा संसार चालतो. पहिल्या टप्प्यात लष्कराचा कल वस्त्या, तलावांवरच्या वाटा आणि शिकारीच्या जागा आधी मोकळ्या करण्याकडे होता, हे खरे. कॅरिबूंचे मांस तपासले गेले आणि त्यात धोका आढळला नाही, हेही खरे. पण पांढरे पोशाख घातलेले, हातात टिकटिकणारे यंत्र घेतलेले लोक अंगणात फिरतात आणि तुम्हाला ‘काही काळजी नको’ म्हणतात, त्यावर कोण कसा विश्वास ठेवील? त्या लोकांची भीती आणि गेलेली झोप पुढे कोणत्याच हिशोबात धरली गेली नाही.

पहिला टप्पा २० एप्रिलपर्यंत चालला. उन्हाळ्यात बर्फ गेल्यावर दुसरा टप्पा, तो १५ ऑक्टोबर १९७८ ला संपला. दरम्यान कॅनडाने सोव्हिएत युनियनला विचारले, तुमच्या उपग्रहाचे तुकडे परत हवेत का? उत्तर आले की त्यांची विल्हेवाट तुम्हीच तुमच्या मर्जीप्रमाणे लावा. उदार वाटणारे हे वाक्य कायद्याच्या दृष्टीने सोयीचे होते. तुकडे मागितले असते तर सोबत खर्चाचा विषय आला असता.

आणि मग ते बिल. ते कसे तयार केले हे मला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत शिकण्यासारखे वाटते. कॅनडाचा एकूण खर्च १,३९,७०,१४३ डॉलरांच्या वर गेला होता. मागितले त्याच्या निम्म्याहून कमी. कारण असे की सैनिकांचे नेहमीचे पगार, आधीच असलेल्या विमानांची किंमत, हा खर्च उपग्रह पडला नसता तरी झालाच असता. तो वगळून, या घटनेमुळे जेवढा जादा खर्च झाला तेवढाच धरला. पहिल्या टप्प्याच्या १,२०,४८,२३९ डॉलरांपैकी ४४,१४,३४८ आणि दुसऱ्याच्या १९,२१,९०४ पैकी १६,२६,८२५. वरचे सेंट वेगळे. दावा घटनेपासून एक वर्षाच्या आत करायचा अशी दायित्व करारात अट होती. वर्ष भरायला एक दिवस उरला असताना कागद पोहोचला. घाईने मागितलेला मोठा आकडा मॉस्कोने सहज झटकला असता. सेंटपर्यंत लावलेला हिशोब झटकायला आधी तो वाचावा लागतो.

कायद्याचे खरे दुखणे पुढे होते. करारात नुकसानीची व्याख्या आहे: माणसाचा मृत्यू, इजा, आरोग्याची हानी, मालमत्तेचे नुकसान. इथे कोणी मेले नव्हते, घर पडले नव्हते. ओसाड बर्फावर तुकडे पडले आणि कॅनडाने ते वेचले. हे नुकसान कसे? कॅनडाचे म्हणणे असे की किरणोत्सारी द्रव्य पडल्याने त्याच्या भूमीचा काही भाग वापराला अयोग्य झाला, आणि भूमी ही मालमत्ताच आहे. भरपाईचे मापही करारात दिले आहे, घटना घडलीच नसती तर जी स्थिती असती ती पुन्हा आणणे. सफाईचा खर्च म्हणजे नेमके तेच. शिवाय १९६७ च्या कराराचा आणि आंतरराष्ट्रीय कायद्याच्या सर्वसाधारण तत्त्वांचा आधारही त्याने दाव्यात जोडला. सोव्हिएत बाजूचा मुद्दाही अगदीच पोकळ नव्हता. आम्ही मदतीला यायला तयार होतो, तुम्ही आम्हाला दूर ठेवून अमेरिकनांना बोलावलेत, मग खर्च आमच्या माथी का? त्या नकाराचे एक कारण कॅनडाने कधी कागदावर लिहिले नाही, पण ते उघड होते. आपल्या उत्तर सीमेवर सोव्हिएत पथक फिरू देणे त्याला परवडणारे नव्हते. आणि सोव्हिएत रडार-उपग्रहाचे अवशेष हाती लागणे अमेरिकेला नकोसे नक्कीच नव्हते.

वाद तडजोडीने मिटला नाही तर तीन सदस्यांचा दावा आयोग नेमायची तरतूद करारात आहे. तिथपर्यंत कोणी गेले नाही. दोन वर्षे वाटाघाटी झाल्या आणि २ एप्रिल १९८१ रोजी मॉस्कोत एका समझोत्यावर सह्या झाल्या. सोव्हिएत युनियन कॅनडाला ३० लाख डॉलर देईल, आणि उपग्रहाच्या विघटनाशी संबंधित सर्व बाबी त्याने कायमच्या मिटल्या असे समजले जाईल. मागितल्याच्या जवळजवळ निम्मे. पैसे कशापोटी, याचा त्यात उल्लेख नाही. दायित्व हा शब्द नाही, चूक नाही, दिलगिरी नाही.

यावर दोन मते आहेत. काही जण म्हणतात, करार नापास झाला, कारण ज्याने घाण केली त्याने निम्मे देऊन अंग काढून घेतले आणि ‘किरणोत्सारी प्रदूषण हे नुकसान आहे का’ या मूळ प्रश्नाचा निकाल लागलाच नाही. मला दुसरी बाजू अधिक वजनदार वाटते. ब्रेझनेव्ह यांच्या काळातल्या सोव्हिएत युनियनने, अफगाणिस्तानात सैन्य घुसवून जेमतेम सव्वा वर्ष झालेले असताना, एका पाश्चात्त्य देशाला लष्करी उपग्रहापोटी रोख पैसे दिले. ते त्याने नैतिकतेने नव्हे, तर कागदावर स्वतः सही केलेला करार समोर होता म्हणून दिले. करार नसता तर मॉस्कोला एवढेही द्यायची गरज वाटली नसती. मात्र कबुली न देता पैसे दिल्याने पुढच्यासाठी दाखला उरला नाही, आणि ही त्रुटी आजवर भरून निघालेली नाही.

अणुभट्टीच्या प्रश्नाचे काय झाले? ३० जानेवारी १९७८ च्या पत्रकार परिषदेतच कार्टर यांनी, पुरेशी सुरक्षितता साधत नसेल तर पृथ्वीभोवती अणुद्रव्य फिरवायला बंदी घालावी असे सुचवले. हे बोलताना अमेरिकेचा हात स्वच्छ नव्हता. एप्रिल १९६४ मध्ये तिचा प्लुटोनियमच्या बॅटरीवर चालणारा एक उपग्रह कक्षेत पोहोचण्यात अपयशी ठरून वातावरणात जळला होता आणि ते प्लुटोनियम जगभरच्या हवेत पसरले होते. बंदी काही झाली नाही. सोव्हिएत अभियंत्यांनी रचना बदलली: वर ढकलणे जमले नाही तर गाभा बाहेर फेकायचा, म्हणजे तो पूर्ण बारीक होऊन विखुरेल. १९८३ मध्ये कॉसमॉस-१४०२ बाबत तीच वेळ आली. त्याचा मुख्य भाग जानेवारीत हिंदी महासागरावर आणि गाभा फेब्रुवारीत दक्षिण अटलांटिकवर खाली आला. १९८८ मध्ये कॉसमॉस-१९०० चेही नियंत्रण गेले, पण त्याची सुरक्षा यंत्रणा अगदी शेवटच्या घटकेला चालली. त्याच वर्षी हे उपग्रह सोडणे थांबले. वर ढकललेल्या जुन्या अणुभट्ट्या आजही तिथेच फिरत आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १४ डिसेंबर १९९२ रोजी अवकाशातल्या अणुऊर्जेच्या वापराविषयी तत्त्वे मंजूर केली: सोडण्याआधी सुरक्षिततेचा आढावा जाहीर करा, पडण्याची शक्यता दिसताच इतरांना कळवा, खालच्या कक्षेत अणुभट्टी वापरलीत तर नंतर ती वर नेऊन ठेवा. हे सगळे कॅनडाच्या बर्फात शिकलेले धडे आहेत. ती तत्त्वे बंधनकारक नाहीत.

आपल्याकडे या विषयाची आठवण येते ती स्कायलॅबच्या निमित्ताने. ११ जुलै १९७९ रोजी अमेरिकेची ही अवकाशातली प्रयोगशाळा पडणार म्हणून भारतभर धास्ती होती. ती पडली हिंदी महासागर आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात. भारत १९७२ च्या दायित्व करारात सामील झाला तो त्याच जुलै महिन्यात. पुढे १० फेब्रुवारी २००९ ला सैबेरियाच्या वर रशियाचा निकामी उपग्रह आणि अमेरिकी कंपनीचा चालू उपग्रह आदळले, हजारो तुकडे झाले, पण दायित्व कराराखाली कोणीच दावा केला नाही. तिथे चूक सिद्ध करावी लागते, आणि अवकाशात वाहतुकीचे नियमच ठरलेले नसताना चूक कशाला म्हणायचे? चीनने २००७ मध्ये, भारताने २७ मार्च २०१९ रोजी आणि रशियाने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्वतःचेच उपग्रह क्षेपणास्त्राने फोडून दाखवले. त्यातला कोणताही प्रकार १९६७ च्या कराराच्या शब्दांत बसवून बेकायदा ठरवता येत नाही.

जमिनीवर पडणाऱ्या वस्तूंचे तसे नाही. तिथे कायदा स्पष्ट आहे आणि तो आपल्या दारात येऊन गेला आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भातल्या लोकांनी आकाशातून जळत जाणारी रांग पाहिली आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. आसपास गोल टाक्याही मिळाल्या. तज्ज्ञांच्या अंदाजाने ते चिनी रॉकेटच्या शेवटच्या टप्प्याचे अवशेष होते. कोणालाही इजा झाली नाही. इस्रोच्या शास्त्रज्ञांनी येऊन अवशेष तपासले.

पुढच्या वेळी तसे काही तुमच्या शेतात किंवा अंगणात पडले तर हात लावू नका, मुलांना जवळ जाऊ देऊ नका आणि भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. टाकीत विषारी इंधन उरलेले असू शकते. लांबून फोटो काढा, वेळ आणि जागा लिहून ठेवा, पोलिसांना आणि तहसीलदारांना कळवा, आणि पीक, गोठा, छप्पर यांचे काही नुकसान झाले असेल तर त्याच दिवशी पंचनामा करून घ्या. भरपाई तुमच्या वतीने भारत सरकारला मागावी लागते, पुरावा तुमच्या पंचनाम्याचा असतो आणि मुदत एक वर्षाची आहे.